धूर, थुंकी आणि चौकाची मालकी



स्मृतिव्याख्यानाला उभे राहणाऱ्या माणसावर दुहेरी जबाबदारी असते. ज्यांची आठवण म्हणून आपण जमतो त्यांच्या कामाशी त्याचे बोलणे सुसंगत असावे लागते, आणि श्रोत्यांना घरी गेल्यावर हाती धरण्यासारखे काही मिळावे लागते. म्हणून आज मी शहरांतल्या सार्वजनिक धूम्रपानबंदीचा आणि नव्याने आलेल्या ई-सिगारेटच्या बंदीचा विषय घेतला आहे. हा मुंबई-पुण्याचा विषय आहे, चंद्रपूर-गडचिरोलीच्या पानाफुलांच्या या मुलखात त्याचे काय काम, असे काहींना वाटेल. माझ्या मते या बंदीची खरी परीक्षा इथेच आहे, आणि तिचे उत्तरही इथेच सापडण्याची शक्यता अधिक आहे.

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. बंदीचा कायदा सरकार करते. पण ती पाळली जाते तिथेच, जिथे त्या जागेला आपली म्हणणारे कोणी असते. शहरातल्या बसस्थानकाला असा धनी उरलेला नाही, म्हणून तिथे फलक आहे आणि फलकाखाली बिडीची थोटके आहेत. आपल्या जिल्ह्यांतल्या कितीतरी ग्रामसभांनी मात्र सामाईक जंगल स्वतः नियम करून राखले आहे. ही राखण जंगलाच्या हद्दीवर थांबू नये; ती चौकात, शाळेत, बसस्थानकात आणि नाटकाच्या मंडपात यावी, एवढेच मला आज मांडायचे आहे.

कायदा कुठून आला

धूम्रपान ही ज्याची त्याची खाजगी गोष्ट आहे, असे जग फार काळ मानत होते. या समजुतीला मोठा धक्का १९८१ साली जपानमधून बसला. ताकेशी हिरायामा या संशोधकाने नव्वद हजारांहून अधिक विवाहित स्त्रियांची चौदा वर्षांची माहिती तपासली. या स्त्रिया स्वतः सिगारेट ओढत नव्हत्या. तरीही ज्यांचे नवरे भरपूर सिगारेटी ओढत, त्यांना फुप्फुसाच्या कर्करोगाने मृत्यू येण्याचे प्रमाण अधिक आढळले. ओढणारा एक आणि मरणारा दुसरा, ही गोष्ट आकड्यांनी समोर आली आणि धूम्रपानाचा प्रश्न खाजगी उरला नाही.

आपल्या देशात ही जाणीव आधी न्यायालयांनी दाखवली. १९९९ साली केरळ उच्च न्यायालयाने सार्वजनिक ठिकाणचे धूम्रपान बेकायदा ठरवले. त्यानंतर मुंबईचे माजी महापौर आणि खासदार मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी देशभर आदेश दिला. दवाखाने, शाळा-महाविद्यालये, वाचनालये, न्यायालये, सरकारी कचेऱ्या, सभागृहे, रेल्वे आणि बस यांत धूम्रपान चालणार नाही, असे त्या आदेशात होते. जो माणूस ओढत नाही, त्याला दुसऱ्याच्या धुरामुळे जगण्याच्या हक्काला का मुकावे लागावे, हा त्यामागचा साधा प्रश्न होता. २००३ साली संसदेने सिगारेट व इतर तंबाखूजन्य उत्पादनांचा कायदा केला, त्यालाच आपण ‘कोटपा’ म्हणतो. २००४ च्या मार्चमध्ये आयर्लंडने कामाच्या सगळ्या बंदिस्त जागा धूरमुक्त केल्या आणि तसे करणारा तो पहिला देश ठरला. आपल्याकडचे सविस्तर नियम २००८ साली आले, आणि ते लागू करण्यासाठी दिवस निवडला गेला २ ऑक्टोबर, गांधीजयंतीचा.

या नियमांतली एक गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे आणि माझ्या दृष्टीने तीच सर्वांत मोलाची आहे. सार्वजनिक जागेत ओढणाऱ्याला दोनशे रुपयांपर्यंत दंड आहे, हे सगळे जाणतात. पण त्या जागेचा जो मालक, व्यवस्थापक किंवा प्रभारी असेल त्याच्यावरही नियमांनी जबाबदारी टाकली आहे. त्याने ठरलेल्या आकाराचा फलक लावायचा, तक्रार कोणाकडे करायची त्याचे नाव ठळक लिहायचे, आणि तिथे राखदाणी, काडेपेटी, लायटर ठेवायचे नाहीत. तक्रार येऊनही त्याने काही केले नाही, तर जितके गुन्हे घडले तितका दंड त्याला भरावा लागतो. म्हणजे कायद्याने प्रत्येक सार्वजनिक जागेला एक राखणदार नेमून दिला आहे. शाळेत मुख्याध्यापक, दवाखान्यात अधीक्षक, कचेरीत कार्यालयप्रमुख. आपल्या किती कचेऱ्यांतल्या फलकांवर असे नाव लिहिलेले दिसते, हे उद्या सकाळी जाऊन पाहा. जागा कोरी असेल, तर बंदी तिथेच गळाली असे समजा.

कायद्याचे लक्ष धुरावर, आपले दुखणे तोंडात

आता आपल्या मुलखाकडे वळू. २०१६-१७ साली झालेल्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत असल्याचे दिसले. त्यात धूम्रपान करणारे केवळ ३.८ टक्के होते आणि धूर न काढता तंबाखू खाणारे, चोळणारे, घासणारे २४.४ टक्के. देशभरात धूम्रपान करणाऱ्यांचे प्रमाण १०.७ टक्के होते. म्हणजे धूम्रपानात महाराष्ट्र देशाच्या सरासरीपेक्षा बराच खाली आहे आणि तोंडातल्या तंबाखूत वर. सार्वजनिक जागेबद्दलचा आपला मुख्य कायदा धुरावर नजर ठेवून लिहिला गेला. आपला रोग मात्र गालात धरलेला आहे.

त्या रोगाचे नाव खर्रा. इथे बसलेल्यांना तो काय असतो हे सांगायला नको. पण हे व्याख्यान छापून दूरच्या वाचकांपर्यंत जाईल, म्हणून सांगतो. सुपारीचा बारीक चुरा, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून पाटीवर जोर लावून घोटतात. घोटता घोटता तो गरम होतो, ओलसर होतो, आणि मग पुडी बांधून गिऱ्हाइकाच्या हातात पडतो. पानठेल्यांवर आता घोटायची यंत्रेही आली आहेत. कचेरीतला साहेब आणि शिपाई एकाच पुडीतून चिमूट घेतात. रोवणीच्या दिवसांत बांधावर पाण्याच्या कळशीशेजारी पन्नी असते. बायकांमध्ये नस, म्हणजे तंबाखूची पूड, घासण्याची सवय आहे. पाहुण्याच्या स्वागतात, बैठकीत, तेराव्याला आणि लग्नालाही हाच पाहुणचार होतो. दिवसभर उपाशीपोटी राबणाऱ्याची भूक तो थोडा वेळ मारतो. गरिबाच्या घरात तो शिरला, त्याचे एक कारण ही भूक आहे. खर्रा खाणाऱ्यावर रागावणाऱ्यांनी ही गोष्ट आधी लक्षात घ्यावी.

खर्ऱ्याचे परिणाम आपण रोज पाहतो, फक्त त्यांना आजार म्हणत नाही. आधी तिखट भाजी तोंडाला झोंबू लागते. मग गालाची आतली कातडी पांढुरकी पडते, ताठ होते, आणि तोंड उघडेनासे होते. निरोगी माणसाच्या तोंडात उभी तीन बोटे मावतात. दोनच मावू लागली, पुढे एकच, तर तो आजार सुपारीने दिलेला आहे असे दंतवैद्य ओळखतो. आकसलेले तोंड पूर्ववत होणे कठीण असते, आणि यातल्याच काही रुग्णांना पुढे तोंडाचा कर्करोग गाठतो. सुपारी स्वतःच, तंबाखू न घालताही, कर्करोग घडवते, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००३ सालीच काढला होता. म्हणून ‘मी तंबाखू कमी टाकायला सांगतो’ असे म्हणणाऱ्याची सुटका होत नाही. भारतात तंबाखूमुळे दरवर्षी तेरा लाखांहून अधिक माणसे मरतात असा अंदाज आहे. त्यांतली आपल्या दोन जिल्ह्यांतली माणसे नागपूरच्या कर्करोग रुग्णालयाच्या वऱ्हांड्यात भेटतात, बहुतेक वेळा उशिरा आलेली.

कायद्याने खर्ऱ्याला हात लावलाच नाही असेही नाही. महाराष्ट्राने २००२ साली गुटख्यावर बंदी घातली होती. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने ती अधिकाराच्या मुद्द्यावर रद्द केली. मग २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याचा आधार घेऊन जुलै २०१२ मध्ये पुन्हा बंदी आली. पुढच्या वर्षीच्या आदेशात सुगंधित तंबाखू, सुगंधित सुपारी आणि खर्राही आला. हा आदेश एका वर्षाचा असतो आणि दरवर्षी नव्याने काढला जातो. इतके असूनही खर्रा निसटतो, कारण त्याला कारखाना नाही. सिगारेटच्या पाकिटाचा ८५ टक्के भाग इशाऱ्याच्या चित्राने व्यापलेला असावा, असा नियम २०१६ पासून लागू आहे. खर्ऱ्याला पाकीटच नाही, तर चित्र कुठे छापणार? तो ठेल्यावर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत तयार होतो आणि पाच मिनिटांत पोटात जातो. दूरच्या कचेरीतला निरीक्षक त्याच्यापर्यंत पोचू शकत नाही. त्याच्यापर्यंत पोचू शकतो तो शेजारी.

आणि थुंकी. धुराने दुसऱ्याला इजा होते हे न्यायालयाने मानले, थुंकीनेही होते. क्षयरोग अजून आपल्यातून गेलेला नाही. करोनाच्या साथीत, २०२० च्या मे महिन्यात, राज्य सरकारने सार्वजनिक ठिकाणी तंबाखू खाण्यावर आणि थुंकण्यावर कडक दंड लावला होता. साथ ओसरली आणि जिन्यांचे कोपरे पुन्हा लाल झाले. सरकारी इमारतीत सूचना लावलेली असताना ओढणे किंवा थुंकणे हा १९५१ च्या पोलीस कायद्याखालीही गुन्हा आहे. कायदे कमी पडले असे मला म्हणवत नाही. कमी पडली ती ‘ही भिंत माझी आहे’ ही भावना.

‘इथल्या हवेत बिडीचे काय?’

चंद्रपुरात हा विषय काढला की एक प्रश्न हमखास येतो. औष्णिक वीजकेंद्राची राख, कोळशाच्या खाणी, सिमेंटचे कारखाने यांच्यामध्ये राहणाऱ्याला बिडीच्या धुराची भीती काय घालता? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी केली, तीत चंद्रपूर अगदी वरच्या क्रमांकांत होते. मोठ्या चिमण्यांना सोडायचे आणि बिडी ओढणाऱ्या मजुराला पावती फाडायची, हा अन्याय लोकांना डाचतो आणि तो डाचायलाच हवा.

पण त्या प्रश्नातून निघणारा निष्कर्ष मला मान्य नाही. राखेने आधीच थकलेल्या फुप्फुसाला तंबाखूचा धूर अधिक जड जातो. ज्या शहराची हवा खराब आहे तिथे धूम्रपानबंदी अधिक कसोशीने पाळायला हवी. आणि ज्या नागरिकांनी बसस्थानकातला धूर थांबवून दाखवला, त्यांचा आवाज चिमणीच्या मालकापुढे अधिक वजनदार होतो. आपल्या हवेवर आपला हक्क आहे हे लहान जागेत शिकलेला समाजच तो मोठ्या जागेत मागू शकतो.

बंदीने आपल्याला काय शिकवले

बंदी म्हणजे काय, हे या दोन जिल्ह्यांइतके महाराष्ट्रात क्वचितच कोणी अनुभवले असेल. गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी लागू झाली. तिच्यामागे कित्येक वर्षांची चळवळ होती, डॉ. अभय व राणी बंग यांची ‘सर्च’ संस्था, आदिवासी समाजातले कार्यकर्ते आणि गावोगावच्या स्त्रिया तीत होत्या. चंद्रपुरातही स्त्रियांनीच ती मागितली. २०१० च्या डिसेंबरात पारोमिता गोस्वामी यांच्या श्रमिक एल्गार या संघटनेच्या नेतृत्वाखाली हजारो स्त्रिया चिमूरहून नागपूरच्या विधिमंडळ अधिवेशनावर पायी गेल्या. १ एप्रिल २०१५ पासून चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी आली. सहा वर्षांनी, २०२१ साली, ती उठवली गेली. अवैध विक्री आणि गुन्हेगारी वाढली, असे कारण सरकारने दिले.

या दोन निर्णयांवर या सभागृहातही दोन मते असतील. मला त्यातून एकच धडा घ्यायचा आहे. बंदी आणताना जितके लोक रस्त्यावर होते, तितकेच लोक ती राखण्यासाठी रोज गावात उभे असावे लागतात. मागणी लोकांची, अंमल पोलिसांचा, अशी विभागणी झाली की बंदी तस्कराच्या हाती जाते. याचा पुरावा देशाबाहेरही आहे. भूतानने २००४ साली तंबाखूच्या विक्रीवर संपूर्ण बंदी घातली आणि २०१० साली कडक कायदा केला. सीमेपलीकडून चोरटा माल येतच राहिला, आणि करोनाकाळात त्या चोरट्या वाहतुकीतून साथ पसरण्याची भीती निर्माण झाल्यावर त्या देशाला विक्री पुन्हा खुली करावी लागली. भूतानच्या राज्यकर्त्यांच्या हेतूत खोट नव्हती. मालाला वाट मिळत होती, कारण तो मागणारी सवय घराघरात तशीच राहिली होती.

उलट आयर्लंडची बंदी टिकली. तिने तंबाखूची विक्री बंद केली नव्हती. एक जागा सगळ्यांसाठी राखली होती. दारूगुत्त्यातल्या कामगारालाही स्वच्छ हवेत काम करण्याचा हक्क आहे, हे लोकांना पटले आणि गिऱ्हाईक स्वतः उठून बाहेर जाऊ लागले. जागेची बंदी आणि वस्तूची बंदी यांत हा फरक आहे. वस्तूची बंदी चोराशी झुंजत राहते. जागेची बंदी शेजाऱ्याच्या डोळ्यांवर उभी असते, म्हणून ती गावाच्या आवाक्यातली आहे.

मुक्तिपथ, मेंढा आणि पाचगाव

गडचिरोलीत हे काम सुरू झालेले आहे. २०१६ साली राज्य सरकार, सर्च आणि टाटा ट्रस्ट यांनी मिळून ‘मुक्तिपथ’ हे अभियान उभे केले. जिल्ह्याच्या बाराही तालुक्यांत, कोरचीपासून सिरोंच्यापर्यंत, दारू आणि तंबाखू दोन्ही कमी करायची हे त्याचे उद्दिष्ट. त्याचा कणा आहे गाव संघटना. गावातल्या बाया एकत्र बसतात, ग्रामसभेत ठराव होतो, ठेलेवाल्याला आधी समजावले जाते, मुदत दिली जाते, आणि तरी विक्री चालू राहिली तर माल जप्त होतो. शाळा तंबाखूमुक्त करणे, मार्कंड्याच्या महाशिवरात्रीच्या यात्रेत तंबाखू येऊ न देणे, व्यसन सोडू पाहणाऱ्यासाठी तालुक्याला उपचाराची सोय करणे, असे त्याचे अनेक भाग आहेत. या क्रमाकडे लक्ष द्या. आधी समजावणे, मग मुदत, मग जप्ती, आणि बरोबरीने उपचार. शहरातल्या पथकाजवळ पावतीपुस्तक असते, पण ज्याची पावती फाडली त्याला उद्या भेटणारे कोणी नसते.

हे बळ आपल्याकडे आले कुठून? माझ्या मते ते जंगलाने दिले. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ अशी घोषणा दिली, ती देशभर गेली. गावातले देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने त्या गावाने प्रत्येक निर्णय सर्वसहमतीने घ्यायची रीत घातली. २००९ साली वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत मेंढा होते. कोणते झाड तोडायचे नाही, बांबू कधी काढायचा, राखणीला कोणी जायचे, हे तिथे गाव ठरवते आणि गावच पाळते. जंगलाला कुंपण नसते. तरी ते राखले जाते, कारण प्रत्येकाला ठाऊक असते की ते सगळ्यांचे आहे आणि नियम आपणच केला आहे. बसस्थानक यापेक्षा वेगळे नाही.

आता एका अवघड प्रश्नाला तोंड देऊ. तंबाखूविरुद्ध बोलणारा वक्ता आपल्या जिल्ह्यात तेंदूपत्त्यावर बोलला नाही, तर तो अप्रामाणिक ठरेल. बिडीचे पान आपल्याच जंगलातून जाते. उन्हाळ्याच्या ऐन तडाख्यात, पहाटे अंधारात उठून, वाघाच्या भीतीत, अख्खे कुटुंब पाने तोडते. दुपारभर सावलीत बसून सत्तर-सत्तर पानांची पुडकी बांधते आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे पाने घेण्याच्या केंद्रावर, नेऊन देते. चंद्रपूरच्या जंगलात मोहफूल आणि तेंदू गोळा करताना वाघाच्या हल्ल्यात माणसे गेली आहेत. त्या पैशांत पावसाळ्याचे बियाणे येते, मुलांच्या वह्या येतात. या माणसांना बिडीच्या पापात भागीदार म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. तंबाखूचा नफा त्यांच्याकडे जात नाही. पण दरवर्षी ज्या उत्पन्नावर आपण अवलंबून आहोत, त्याच्या दुसऱ्या टोकाला कोणाचे तरी फुप्फुस आहे, हे विसरूनही चालणार नाही.

यावर उत्तर एका गावाने दिले आहे. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ साली सुमारे हजार हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. त्या ग्रामसभेने बांबूच्या विक्रीतून गावाला काम दिले आणि तेंदूपत्ता तोडायचा नाही असे ठरवले. पानांसाठी झुडपांची छाटणी होते, आगी लावल्या जातात, आणि त्या पानाची शेवटी बिडीच होते, ही कारणे गावाने मोजली. आता तिथे तेंदू फळतो, पाखरे खातात, माणसेही खातात. प्रत्येक गावाने उद्याच असे करावे असे मी म्हणणार नाही; पाचगावजवळ बांबू होता, सगळ्यांजवळ नाही. पण गरीब गाव नैतिक निर्णय घेऊ शकत नाही असे जे शहाणे लोक म्हणतात, त्यांना पाचगावचा नकाशा दाखवावा.

नवी वाट: ई-सिगारेट

खर्ऱ्याच्या बाबतीत आपण उशिरा जागे झालो. ई-सिगारेटच्या बाबतीत देशाने उशीर केला नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये अध्यादेश आणि त्याच वर्षी डिसेंबरात कायदा होऊन तिचे उत्पादन, आयात, विक्री, वाहतूक, साठवण आणि जाहिरात या सगळ्यांवर बंदी आली. उत्पादन, विक्री किंवा जाहिरातीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. या कायद्याची धार विकणाऱ्यावर आहे, आणि ते मला योग्य वाटते. सोळा वर्षांच्या पोराला गुन्हेगार ठरवण्यापेक्षा त्याला ती कांडी पुरवणाऱ्याला पकडणे न्यायाचे आहे.

तरीही ही कांडी पेनसारखी, पेन ड्राइव्हसारखी दिसते, तिला फळांचा वास असतो आणि धुराचा ठसका नसतो. नागपूर-पुण्याला शिकायला गेलेली आपली मुले सुटीत घरी येतात, तेव्हा ती दप्तरातून गावापर्यंत येऊ शकते. आई-वडिलांना ती ओळखूही येणार नाही. तिच्यातल्या निकोटिनने किशोरवयातला मेंदू लवकर बांधला जातो, आणि त्या वयात लागलेली सवय सोडणे सर्वांत कठीण असते. सुगंधित तंबाखूचेही असेच झाले होते. आधी वास आला, मग सवय लागली. शिक्षकांनी आणि पालकांनी ही वस्तू पाहून ठेवावी, मुलांशी न ओरडता बोलावे. अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्याला २०१५ च्या बालन्याय कायद्याखाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. मुलाला ‘जा, एक पुडी घेऊन ये’ म्हणून पानठेल्यावर धाडणाऱ्या बापाने आणि त्याच्या हातात पुडी ठेवणाऱ्या ठेलेवाल्याने हे ऐकून ठेवावे.

स्वातंत्र्याचा आक्षेप

‘माझ्या पैशाचे मी खातो, तुमचे काय जाते?’ हा आक्षेप जुना आहे आणि मी त्याचा मान राखतो. प्रौढ माणसाच्या घरात शिरून त्याच्या तोंडातली चिमूट काढायला मी कोणाला सांगणार नाही. पण सार्वजनिक जागेत स्वातंत्र्य दोघांचे असते. गरोदर बाई दवाखान्याच्या रांगेतून उठून जाऊ शकत नाही. शाळकरी मूल एसटीतून उतरून चालत घरी जाऊ शकत नाही. ज्याला बाहेर पडता येत नाही त्याच्या बाजूने कायद्याने उभे राहावे, हेच लोकशाहीत अपेक्षित आहे. आणि ज्या सवयीतून सुटायची इच्छा असूनही सुटता येत नाही, तिला स्वातंत्र्य म्हणणे मला पटत नाही. तंबाखू सोडायचा प्रयत्न करून हरलेली माणसे प्रत्येक घरात आहेत. त्यांना लाज नको, मदत हवी. १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय तंबाखूमुक्ती सेवेचा निःशुल्क क्रमांक आहे. तो शाळेच्या फळ्यावर, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आणि किराणा दुकानात लिहून ठेवा.

आपण काय करायचे

शेवटी कामाचे बोलतो, आणि आपल्या हातातलेच बोलतो.

पहिली गोष्ट आपल्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या रंगभूमीला सांगायची आहे. दिवाळीनंतर वडसा-देसाईगंजच्या नाटक मंडळ्या गावोगाव जातात. बैलांचा शंकरपट असतो, मंडईची जत्रा असते, आणि रात्रभर मंडपात हजारो माणसे बसतात. आयाबाया मांडीवर लेकरे घेऊन बसतात. २००८ च्या नियमांनी खुले प्रेक्षागृहही सार्वजनिक जागेत धरले आहे. नाटक मंडळ्यांनी आणि आयोजक मंडळांनी ठरवावे की पडदा उघडण्यापूर्वी सूचना होईल: मंडपात बिडी नाही, खर्रा नाही, थुंकणे नाही. झाडीपट्टीच्या नटाचा शब्द आपल्या मुलखात कोणत्याही अधिकाऱ्याच्या आदेशापेक्षा खोल जातो. दारू, हुंडा, अंधश्रद्धा यांवर या रंगभूमीने नाटके केली आहेत. आता तिने आपला मंडप स्वच्छ करून दाखवावा.

दुसरी गोष्ट शाळांना. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या आत, तंबाखू विकता येत नाही. मुख्याध्यापकांनी विद्यार्थ्यांना घेऊन हे अंतर दोरीने मोजावे आणि रस्त्यावर पिवळी रेघ ओढावी. त्या रेघेच्या आतला ठेला हटवण्याचा ठराव ग्रामसभेने करावा, आणि ठेलेवाल्याला दुसरा धंदा काढायला गावाने मदतही करावी. त्याचेही पोट आहे. आणि शिक्षकाच्या खिशात पुडी असेल तर यातले काहीच होणार नाही, हे स्पष्टच सांगतो.

तिसरी गोष्ट अधिकाऱ्यांना आणि लोकप्रतिनिधींना. तहसील, पंचायत समिती, पोलीस ठाणे, ग्रामपंचायत, प्रत्येक कचेरीतल्या फलकावर जबाबदार माणसाचे नाव लिहा. सरपंच आणि ग्रामसेवक यांनी आपल्या हद्दीतली सार्वजनिक जागा आपली मानावी. साहेबाने टेबलामागच्या कुंडीत थुंकणे थांबवले, की शिपाई जिन्यात थुंकणे थांबवतो.

चौथी गोष्ट ग्रामसभांना आणि वॉर्डावॉर्डांतल्या नागरिकांना. वर्षातून एकदा ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर चौक, बसथांबा, आठवडी बाजार आणि दवाखाना या चार जागा घ्या. कोण राखणार, कोण समजावणार, किती मुदत द्यायची, हे जंगलाच्या नियमांसारखे सर्वसहमतीने ठरवा. चंद्रपूर, बल्लारपूर, वरोरा या शहरांत ग्रामसभा नाहीत. तिथे मोहल्ल्याने, व्यापारी संघाने, रिक्षाथांब्यावरच्या चालकांनी आपापली जागा वाटून घ्यावी. एका बसस्थानकाने वर्षभर हे करून दाखवले तर पुढचे सोपे जाईल.

मित्रहो, या जिल्ह्यांना देश मागास म्हणतो. पण सामाईक गोष्ट सगळ्यांनी मिळून कशी राखायची, हे देशाने मेंढ्याकडून आणि पाचगावकडून शिकले आहे. सार्वजनिक जागेतून धूर आणि खर्रा कसा काढायचा, हेही मुंबई-पुण्याने आपल्याकडून शिकावे, अशी माझी इच्छा आहे. त्यासाठी सरकारच्या नव्या कायद्याची वाट पाहायला नको. येत्या ग्रामसभेत हा विषय मांडा, आणि तो मांडणारा पहिला माणूस तुम्हीच व्हा, एवढी विनंती करून मी थांबतो.